टू-टूची मॅग्नम करायची म्हणे!

विज्याच्या आजोबांची टू-टू, म्हणजे पॉइंट टू-टू बोअरची जुनी रायफल, एकदाची त्याच्या लायसन्सवर चढली, पेढे खाऊन झाले, आणि दुसऱ्याच संध्याकाळी अशोक स्तंभाजवळच्या कट्ट्यावर पप्प्याने जाहीर केलं, "आता हिची मॅग्नम करायची. त्याच बोअरचं, पण जास्त ताकदीचं काडतूस!"

"करणार कोण?" सुन्याने विचारलं.

"तूच की भो. सातपूरला टूलरूममध्ये बसतोस. लेथ आहे, भोक मोठं करायचा रीमर मागवू. नळी तीच, गोळी तीच, नुसतं चेंबर, काडतूस बसतं ती जागा, खोल करायचं. अर्ध्या तासाचं काम. मी व्हिडिओ बघितलाय."

"बुलेटचा सायलेन्सर काढायचा पण बघितला होतास," नाना म्हणाले. "पावती कितीची फाटली होती रे?"

"नाना, जुनं उकरू नका."

सुन्याने चहा खाली ठेवला. तो रायफलींवर बोलायला लागला की मी मध्ये बोलत नाही. ह्या विषयात त्याचा शब्द मला प्रमाण आहे.

"गोळी तीच, हे कोणी सांगितलं तुला? तुझ्या टू-टूचं काडतूस म्हणजे लाँग रायफल. त्याची गोळी आणि पुंगळी, म्हणजे दारूची पितळी नळी, बाहेरून सारख्याच जाड. गोळीचं बूड बारीक करून पुंगळीत खुपसलेलं असतं. मॅग्नमची गोळी पूर्ण जाडीनिशी पुंगळीत बसते, म्हणून पुंगळी जाड. लाँग रायफलची पुंगळी ५.७४ मिलिमीटर जाड, मॅग्नमची ६.१५. लांबी १५.६ विरुद्ध २६.८. आता नळी बघ. लाँग रायफलच्या नळीचा खाचांपाशी व्यास साधारण ५.६४, मॅग्नमला लागतो ५.६९. पन्नास मायक्रॉन कमी."

"पन्नास मायक्रॉनने काय होतंय!"

"तुझ्या बुलेटच्या पिस्टनला पन्नास मायक्रॉन कमी केले तर काय होतं, तेच होतं. साधी शिशाची गोळी दबून जाते. मॅग्नमच्या गोळीवर बहुतेक वेळा तांब्याचं जॅकेट असतं, ते सहज दबत नाही. मग दाब चढतो."

इथे पप्प्या उसळला. कुठेतरी वाचलेलं एक वाक्य त्याने दिवसभर राखून ठेवलं असणार. "दोन्हीचा दाब सारखाच आहे! चोवीस हजार पीएसआय! बोल!"

"बरोबर आहे," सुन्या शांतपणे म्हणाला. "अमेरिकन मानकात कमाल दाब दोन्हीला २४,०००च. पण दाब कशावर पडतो? पुंगळीच्या बुडावर. बूड मोठं, म्हणजे त्याच दाबाला बोल्टवरचा, म्हणजे काडतूस मागून धरणाऱ्या दांड्यावरचा, धक्का पंधरा टक्के जास्त. आणि गोळीची ऊर्जा १८५ ज्यूलवरून सव्वाचारशेच्या घरात. विज्या, तुझा बोल्ट अडतो कुठे?"

"हँडल खाली पाडलं की."

"म्हणजे हँडलच्या मुळावर. पुढे बोल्ट अडकवणारे दात, लॉकिंग लग, नाहीत. नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी बसवलेली की आडव्या पिनांनी?"

"पिना दिसतात दोन."

"झालं तर मग. मॅग्नम आली १९५९ साली. तुझी रायफल त्याच्या कितीतरी आधीची. लाँग रायफल १८८७ची आहे, आणि ही तिच्यापुरतीच बनवलेली आहे."

कोणी दुसरा असता तर इथे थांबला असता. पप्प्या म्हणाला, "मग मॅग्नम सोड, सरळ हॉर्नेट करू, त्याहून दणदणीत काडतूस! हॉर्नेटचा जन्मच टू-टू रायफलीवर झालाय. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शस्त्र कारखान्याच्या लोकांनी विसाच्या दशकात हेच केलं होतं."

हे मात्र खरं आहे, आणि सुन्यानेही ते कबूल केलं. "केलं. पण कोणत्या रायफलीवर? एम-१९२२वर. ती दिसायला टू-टू, पण सांगाडा १९०३च्या स्प्रिंगफील्डचा, थर्टी-ओ-सिक्ससारखं काडतूस पेलणारा. मार्टिनीच्या छोट्या कॅडेट रायफलींवरही लोकांनी हॉर्नेट केली. त्यातला ठोकळाच मुळात दणकट, आणि त्या पहिल्यापासून सेंटरफायर, म्हणजे पिन काडतुसाच्या मधोमध मारणाऱ्या. अमेरिकेतला माणूस काय करतो ते नंतर बघ, कशावर करतो ते आधी बघ."

मग त्याने हॉर्नेटचा हिशेब मांडला. दाब ४९,०००, म्हणजे दुप्पट. पुंगळीचं बूड ७.५७ मिलिमीटर. दोन्ही मिळून बोल्टवरचा धक्का जवळजवळ साडेतीनपट. विज्याची टू-टू रिमफायर, तिची फायरिंग पिन कडेला मारते, सेंटरफायरला ती मधोमध हवी. म्हणजे बोल्टचं तोंड नवं, पिन नवी, पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर नवा. जुनं भोक नीट बुजलं नाही किंवा नवं सैल पडलं, तर प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, फुटून वायू मागे येतो. मागे डोळा असतो.

"आणि मॅगझिन?" विज्याने हळूच विचारलं.

"अख्खं काडतूस पंचवीसऐवजी चव्वेचाळीस मिलिमीटर. आत मावणारच नाही."

इतका वेळ गप्प असलेले वकीलसाहेब आता पुढे सरकले. "तुमचे मायक्रॉन राहू द्या. शस्त्र कायद्याचं कलम ५. रूपांतर करायला, दुरुस्तीलासुद्धा, तसं वेगळं लायसन्स लागतं. विज्याचं लायसन्स बाळगायचं आहे, कापाकापीचं नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. लायसन्सवर बोअर लिहिलेला असतो, नंबर असतो. सुन्या, लेथवर तू सापडशील, हा नाही."

"आणि एवढं करून मारणार काय?" नाना म्हणाले. "शिकार तर कधीचीच बंद. गंगापूर धरणावर जाऊन दगड फोडणार?"

"पॉवर पाहिजे हो नाना, पॉवर!"

"स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ कशाने आणलं?" सुन्याचा आवाज चढला. "ह्याच ५.६ मिलिमीटरने. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. पोरगं नेमबाजी शिकलं ह्याच नाशकात. त्याला कमी पडली का पॉवर?"

यावर कोणी बोललं नाही. पप्प्या मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला.

विज्याची खरी अडचण नंतर बाहेर आली. रायफल नेम धरत नव्हती, पुंगळ्या अडकत होत्या, म्हणून तो पप्प्याच्या नादी लागला होता. मग सुन्याने नेमकं काय ते सांगितलं. आधी बोल्ट काढून चेंबर रिकामं असल्याची खात्री कर. रॉड घालायचा तो चेंबरकडून, तोंडाकडून घासला तर नळीचा क्राऊन, म्हणजे तोंडाची कड, जातो आणि नेम कायमचा गेला. सॉल्व्हंट, पितळी ब्रश, मग पांढरी चिंधी, ती करडी यायची थांबेपर्यंत. त्यानंतर बॅटरीच्या उजेडात चेंबरची कड बघ. रिकाम्या रायफलीचा चाप ओढत बसायची सवय कोणाला असेल, तर पिन कडेवर आपटून तिथे बारीक खड्डा पडलेला असतो आणि उचललेलं पोलाद आत येतं. पुंगळी अडकते ती त्यानेच. तो उंचवटा परवानाधारक बंदूक-कारागीर खास टूलने परत दाबून देतो. त्याला रीमर लावू द्यायचा नाही, चेंबर मोठं होतं. उडालेली पुंगळी जपून ठेव. रिमजवळ, म्हणजे बुडाच्या कडेपाशी, फुगली असेल तर रिमची जागा सैल झाली आहे. ती १.०९ ते १.१७ मिलिमीटरच्या मध्ये हवी, गो-नो गो गेजने कळते. १.१७च्या पुढे गेली असेल तर रायफल भिंतीवर लाव, झाडू नकोस.

"आणि नळी आतून खाल्लेली निघाली तर?"

"लायनर. जुनी नळी पोखरून आत नवी बारीक नळी बसवतात. तेही कारागिराकडे, कागद करून. बोअर टू-टूच राहतो."

विज्याला पटलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. एवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. "पप्प्या, माझं ड्रिल मशिन नेलंस गणपतीत. ते कधी देतोस?"

"देतो रे. जरा थांब."

"का?"

"त्याची जरा... पॉवर वाढवायला उघडलं होतं."

वकीलसाहेबांच्या हातातला चहा सांडला. नानांना ठसका लागला, सुन्या कट्ट्यावर आडवा झाला, आणि विज्या एकटाच ओरडत होता, "उघडलं म्हणजे काय रे? उघडलं म्हणजे काय?"