चिडतो तो लांबचा, नाचणाऱ्याला झिंग चढते

‘डीजेच्या कर्कश दणदणाटाने माणूस चिडतो, आक्रमक होतो’ हे डीजेवरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य मला पटलं नाही. शेजारच्या इमारतीत बसलेला चिडतो, हे खरं. पण स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याला राग येत नाही हो, त्याला झिंग चढते! विसर्जन मिरवणुकीत मी स्वतः चार-पाच वर्षं नाचलोय. बेस पडला की बरगड्या आतून थरथरतात, शर्ट छातीवर फडफडतो, सगळी गर्दी एकच देह झाल्यासारखी वाटते. त्या आनंदात कानाचं काय होतंय ते कळतच नाही. खरा धोका इथे आहे आणि लेखात तोच राहून गेलाय.

शेवटच्या वर्षी घरी आलो तर आईचं बोलणं कापसाआडून यावं तसं. कानात बारीक शिट्टी, ती तीन दिवस गेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. मंडळाच्या पोरांना ‘संस्कृती बुडाली’ ऐकवण्याऐवजी हे सांगा. मी सांगतो तेव्हा निदान दोघं-तिघं तरी भिंतीपासून मागे सरकतात.