वालपाराईचा बंगला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं आहेत, त्यामुळे ताई म्हणू की दादा, कळत नाही. 'तुम्ही'वर भागवतो.

तमिळनाडूतल्या वालपाराईला चहामळ्यातल्या बंगल्यात राहिलो, त्या मुक्कामावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'साहेबाच्या बंगल्यात दोन रात्री झोपलात आणि साहेबासारखंच लिहायला लागलात. मळ्यात राबणारी माणसं तुम्हाला दिसलीच नाहीत.' वर पुस्ती अशी की घाटातली वळणं चुकली, जळवांचं पाल्हाळ लांबलं, भाडं लिहिलं नाही, आणि ज्यांनी जंगल तोडलं त्यांच्याच व्हरांड्यात बसून जंगलाचं कौतुक कसलं करता.

आधी चूक कबूल करतो. घाटाच्या पायथ्याच्या आळियारहून वालपाराईला चढताना वळणं ४० आहेत, मी ३६ लिहिली होती. ३६ आहेत ती उटीजवळच्या कल्हट्टी घाटात, माझी गल्लत झाली. दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिलंत, आभारी आहे.

आता 'साहेबासारखं'. हे वाक्य मी रात्री दोनदा वाचलं, सकाळी उठून पुन्हा वाचलं. लेख आवडला नाही तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण मी लिहिलं काय ते बाजूला ठेवून मी माणूस कसला आहे याचा निकाल दोन ओळींत लावून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? तुम्ही मला कधी भेटला आहात का?

मी कोण ते सांगतो. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आजोबा त्यानंतर गिरणीत परत गेलेच नाहीत. आई आणि आजीने डबे करून घर चालवलं. छातीत कापसाची धूळ बसलेली, रात्री खोकल्याची उबळ आली की आजोबा चाळीच्या जिन्यात जाऊन बसायचे, पोरांची झोप मोडू नये म्हणून. त्या जिन्यात त्यांची पाठ चोळत मी बसलो आहे. आणि राबणारी माणसं मला दिसत नाहीत, हे तुम्ही मला सांगणार?

शिवाय लेखात ती माणसं आहेत. तिसरा परिच्छेद काढा. सकाळच्या धुक्यात, कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळून बायका चहाच्या ओळींत उभ्या होत्या. हातात मोठी कातर, तिच्या पात्याला पेटी जोडलेली, कापलेली पानं तिच्यात पडतात आणि भरली की पाठीवरच्या पिशवीत जातात. एकीने मला हात उघडून दाखवला. अंगठ्याच्या पेरावरच्या भेगांत चहाचा रस बसून काळ्या रेघा झाल्या होत्या. घासूनही जात नाहीत, असं तिने दुसऱ्या हाताने घासून दाखवलं. तिला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नाही. जेवढं कळलं तेवढं लिहिलं, चार ओळी. कमी वाटल्या तर 'कमी आहेत' म्हणा, मान्य करेन. 'दिसलीच नाहीत' म्हणू नका, ते धादांत खोटं आहे. लेख पूर्ण न वाचता प्रतिक्रिया ठोकायची आणि वर दुसऱ्याला डोळे नाहीत म्हणायचं!

जंगलाचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी तिथलं पर्जन्यवन कापून कॉफी आणि चहा लावला, हे मी लपवलेलं नाही. उरलेले तुकडे आज चहाच्या मधोमध बेटांसारखे आहेत. आमच्या बंगल्यामागच्या अशाच तुकड्यात सिंहपुच्छ माकडांची टोळी कुलेनिया नावाच्या झाडाची काटेरी फळं फोडत बसलेली मी तासभर पाहिली. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या निसर्ग जपणाऱ्या संस्थेची मंडळी गेली वीसेक वर्षं असल्या तुकड्यांत मूळची झाडं परत लावत आहेत. त्याचं कौतुक करायचं नाही का? आमच्या गिरणीच्या जागेवर आज टॉवर आहे आणि माझा चुलतभाऊ त्यातच नोकरीला जातो. त्यालाही तिथे बसू नकोस म्हणून सांगू?

जळवांचं पाल्हाळ पावसाळ्यात जाणाऱ्याला उपयोगी पडेल. भाडं हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून दिलं नाही.

एक गोष्ट लेखात नव्हती, ती तुमच्यामुळे लिहितो. मी तिथे आईला घेऊन गेलो होतो. ती बहात्तर वर्षांची आहे. पहिल्या संध्याकाळी तिथल्या स्वयंपाक्याने व्हरांड्यात तिच्या हातात चहाचा कप आणून दिला. समोरच्या झाडांवरून धनेशाची जोडी गेली, पंखांचा आवाज आगगाडीसारखा. ती कप धरून बघत राहिली. चहा संपला तशी सवयीने उठली आणि कप विसळायला नळ कुठे आहे ते शोधू लागली. स्वयंपाक्याने धावत येऊन तो तिच्या हातातून घेतला. माझी आई तिथे पुन्हा खुर्चीत बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.