हात लावू नका, चालू आहे

तुमच्याही ऑफिसात तो असणारच. झेरॉक्स मशीनच्या शेजारी, रेक्झिनचं कव्हर घातलेला, मॉनिटरवर चिकटपट्टीने लावलेला कागद: 'टेंडरचा कॉम्प्युटर. हात लावू नये.' विंडोज ७, २ जीबी रॅम, आणि सीपीयूच्या डोक्यावर गेल्या दसऱ्याचं वाळलेलं हळदकुंकू. नवी पोरं हसतील, 'नवा घ्या' म्हणतील. अजिबात ऐकू नका. टेंडर भरायच्या शेवटच्या तासाला ही पोरं कुठे असतात ते आपण पाहिलंय.

या यंत्रात ब्राउझर ३२ बिटचा आहे, जावा ३२ बिटची आहे आणि डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राच्या, यूएसबी टोकनचा ड्रायव्हरही त्याच पिढीतला. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेत. २०१३ साली एका हार्डवेअरवाल्याने दोन दिवस बसून हे स्थळ जमवलं. तो आता प्लॉटिंगच्या धंद्यात आहे आणि फोन उचलत नाही. तेव्हा जे चालतंय ते का चालतंय हे शोधायला जाऊ नका.

प्लग-इन म्हणजे काय असं कुणी विचारलंच, तर सांगा, ब्राउझरचा गडी. ब्राउझरला जे येत नव्हतं ते करायला १९९० च्या दशकात नेटस्केप या जुन्या ब्राउझरने बाहेरचा गडी ठेवायची सोय केली. फ्लॅश चित्रं नाचवायचा, जावा सह्या करायची. पण या गड्यांकडे घराच्या सगळ्या किल्ल्या, आणि त्या चोरांच्या हाती लागायच्या. म्हणून क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये त्यांना घरी पाठवलं. फ्लॅशला तेवढी थोडी मुदत मिळाली. विंडोज ७ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या, इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. तुमच्याकडे मात्र ही सगळी मंडळी अजून एका छताखाली नांदताहेत. एकत्र कुटुंब हल्ली बघायला तरी कुठे मिळतं?

रोजची सेवा चुकवू नका. आमच्याकडे ती भाऊंकडे आहे. सकाळी कव्हर काढायचं, उदबत्ती ओवाळायची, बटण दाबून चहाला जायचं. चहा पिऊन येईतो स्क्रीनवर चिन्हं उमटलेली असतात. मग खालच्या कोपऱ्यात वाफाळत्या कपाचं चित्र येतं आणि जावा सांगते, नवी आवृत्ती आली आहे. भाऊ चष्मा कपाळावर चढवून, अगदी जवळ जाऊन 'लेटर' दाबतात. नवसाचा नारळ पुढच्या वर्षावर ढकलावा तसं. मुदत संपलेला अँटीव्हायरसही हाक मारतो, त्यालाही 'लेटर'.

एकदा नव्या पोराने 'अपडेट' दाबलं. झालं. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या जावा ७ च्या ५१ व्या अपडेटपासून सही नसलेली अ‍ॅपलेटं (ब्राउझरच्या पानात चालणारे जावाचे छोटे प्रोग्रॅम) अडवली जातात, आणि आम्ही ज्या पोर्टलवर टेंडर भरायचो त्याचं अ‍ॅपलेट नेमकं तसलंच. काम काय, तर आमची डिजिटल सही घेणं. स्वतःवर मात्र कुणाचीच सही नाही.

अशा वेळी घाबरू नका. नवी जावा काढा आणि जुनी शोधायला बाहेर पडा. ती जिथे मिळेल त्या पानावर डाउनलोडची पाच हिरवी बटणं असतील. खरं ते, जे बटणासारखं दिसत नाही. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलात की जावाबरोबर ब्राउझरला एक टूलबारही चिकटेल. तिला काढायच्या भानगडीत पडू नका, आलेल्या पाहुण्याला हाकलू नये. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जावा, जावामध्ये सिक्युरिटी, आणि तिथली सुरक्षेची पट्टी खाली ओढा. शेवटी एक खिडकी विचारेल, 'मी हा धोका पत्करतो' असं मान्य आहे का? चौकोनात टिक करा. चाळीस लाखांच्या कामाचे कागद आहेत, धोका पत्करायला नको? टोकनचा पिन मॉनिटरच्या मागे बॉलपेनने लिहून ठेवा. चुकीचा पिन सारखा टाकला की टोकन लॉक होतं. सुरक्षेची काळजी घ्यावी माणसाने.

आता फ्लॅशचं. साहेबांना नातवाला बेरजेचा जुना धडा दाखवायचा असतो, ज्यात ससा उड्या मारत गाजरं मोजतो. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो स्वतःच चालायला नकार देतो. पण तारीख तो बघतो तुमच्याच कॉम्प्युटरच्या घड्याळात! तेव्हा घड्याळ मागे न्या, २०२० करा. ससा उड्या मारू लागेल, साहेब खूश. मात्र लगेच बँकेचं पान उघडू नका. ब्राउझर म्हणेल, तुमचं घड्याळ मागे आहे, या साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. तुमची डीएससी गेल्या वर्षीची. २०२० मध्ये तिचा जन्मही व्हायचाय. टेंडर मात्र सर्व्हरच्या घड्याळाने बंद होतं. हा सरळसरळ अन्याय आहे.

आपणच मागासलेले असं वाटून खंतावू नका. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्येच राहिले होते, तर त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश चालावा म्हणून चक्क स्वतःचा ब्राउझर काढला. भाऊंना हे सांगितलं तर त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. तो व्हायरसचा नाही. आमच्याकडे अकाउंट्सला एक मुलगी आली. परवा भाऊ लग्नाला गेले होते आणि टेंडरचा शेवटचा दिवस. तिने टोकन काढून आपल्या लॅपटॉपला लावलं. त्या पोर्टलने अ‍ॅपलेट कधीच सोडून दिलंय, सहीसाठी एक छोटा वेगळा प्रोग्रॅम दिलाय, तो तिने टाकला, सही केली, पावती छापली. साडेचार मिनिटं. विचारलं तर म्हणते, पोर्टलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की.

असं कुणी तुमच्याकडे आलं, तर टोकन काढून घ्या, पुन्हा जुन्या मशीनला लावा, आणि तिला ताबडतोब मस्टर लिहायला बसवा. भाऊ सोमवारी येतात.