आना-मारिया वाग्नर पॅरिसमधून ‘रिकाम्या हाताने’ परतली, असं कृपया म्हणू नका

ऑलिंपिक संपलं की आपण खेळाडूंचा हिशोब पदकतालिकेवरून मांडतो आणि मोकळे होतो. त्या हिशोबाने जर्मनीच्या आना-मारिया वाग्नरच्या नावावर टोकियोची दोन कांस्यपदकं आणि पॅरिसपुढे भोपळा. मला हा हिशोब अजिबात मान्य नाही. का नाही, ते आज जरा सविस्तर लिहिते. पोस्ट लांबणार आहे.

ही मुलगी १९९६ची, दक्षिण जर्मनीतल्या राव्हेन्सबुर्गची. तिचा गट ज्युदोतला ७८ किलो वजनाचा. जर्मन महिला ज्युदोला परंपरा आहे, पण ती मध्येच आटली होती. १९९३मध्ये योहाना हाग्न जगज्जेती झाली आणि त्यानंतर तब्बल २८ वर्षं एकाही जर्मन बाईला जागतिक सुवर्ण मिळालं नाही. मध्ये २००४ला अथेन्समध्ये इव्होन ब्योनिशने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. जर्मन महिलांचं ज्युदोतलं ते आजवरचं एकमेव ऑलिंपिक सुवर्ण. जागतिक सुवर्णाचा हा दुष्काळ वाग्नरने जून २०२१मध्ये बुडापेस्टला संपवला, तोही अंतिम फेरीत फ्रान्सच्या माडलेन मालोंगाला हरवून. मालोंगा तेव्हाची जगज्जेती होती, म्हणजे मुकुट थेट तिच्या डोक्यावरून उतरवला.

ज्यांनी ज्युदो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लढत चार मिनिटांची. समोरच्याला जोरात, वेगात आणि ताब्यात ठेवून पाठीवर आपटलं की इप्पॉन, खेळ तिथेच खलास. जमिनीवर वीस सेकंद दाबून धरलं तरी इप्पॉन. चार मिनिटांत निकाल लागला नाही तर पुढे वेळेची मर्यादाच नाही, कुणीतरी गुण घेईपर्यंत किंवा तीन ताकिदी होऊन बाद होईपर्यंत चालू. आपल्या तालमीतल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण इथेही अर्धी लढाई पकडीचीच असते. फक्त इथे पकड अंगाची नसून जाड सुती अंगरख्याची. एक हात समोरचीच्या कॉलरवर, दुसरा बाहीवर. ती कॉलर मिळू नये म्हणून समोरची तुमचं मनगट झटकून तोडते, तुम्ही पुन्हा पकडता, ती पुन्हा तोडते. बोटांना पांढऱ्या चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या असतात त्या उगाच नाहीत. टीव्हीवर वाटतं की दोघी नुसत्या ओढाताण करतायत. प्रत्यक्षात निकाल बहुतेक वेळा त्या ओढाताणीतच लागलेला असतो, फेकणं नंतरचं.

आणि या सगळ्याच्या आधी एक लढाई घरातच असते. ऑलिंपिकमध्ये एका वजनी गटात एका देशाची एकच खेळाडू. जर्मनीकडे ७८ किलोत कायम दोन-दोन, तीन-तीन चांगल्या मुली. टोकियोच्या वेळी अनुभवी लुईझे माल्त्सान होती, पॅरिसच्या वेळी २०२२ची युरोप विजेती आलिना ब्योम. जिच्याबरोबर रोज सराव करायचा, जिच्याबरोबर जेवायचं, तिलाच मागे टाकायचं. माझ्या मते या खेळातलं हे सगळ्यात कठोर वास्तव आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं.

आता टोकियो. बुडापेस्टनंतर सात आठवड्यांत, २९ जुलै २०२१ला. ज्या निप्पॉन बुडोकानमध्ये १९६४ साली ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला गेला तीच वास्तू, पण करोनामुळे प्रेक्षकांविना. उपांत्य फेरीत गाठ पडली जपानच्या शोरी हमादाशी. हमादा म्हणजे जमिनीवरच्या डावांची सम्राज्ञी, एकदा खाली नेलं की सुटका नाही. वाग्नर हरली. हमादाने पुढे मालोंगालाही जमिनीवर दाबूनच सुवर्ण नेलं. उपांत्य फेरी हरल्यावर खेळाडूला रडायलाही फारसा वेळ नसतो, कारण त्याच दिवशी कांस्यपदकासाठी पुन्हा उभं राहायचं असतं. वाग्नर उभी राहिली आणि क्यूबाच्या कालिएमा अँतोमार्चीला हरवून पदक घेतलं. त्या वर्षी नियमाप्रमाणे तबकातून पदक उचलून स्वतःच गळ्यात घालायचं होतं. दोन दिवसांनी मिश्र सांघिक स्पर्धेत आणखी एक कांस्य.

(टोकियोतली जर्मन ज्युदोची जगभर फिरलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. मार्तिना त्रायडोसला लढतीआधी तिच्या प्रशिक्षकाने गालावर मारलं ती चित्रफीत. आपल्याकडेही ती धडाधड फॉरवर्ड झाली. हे मीच सांगितलं होतं, हा आमचा नेहमीचा रिवाज आहे, असं त्रायडोसने स्वतः स्पष्ट केलं, ते कितीजणांपर्यंत पोचलं?)

दोन महिन्यांत जागतिक सुवर्ण आणि दोन ऑलिंपिक पदकं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की आता काय, आनंदीआनंद. झालं उलटंच. घरी परतल्यावर ती खचली. ऑलिंपिकनंतर आपल्याला नैराश्याने गाठलं हे तिने नंतर जाहीरपणे सांगितलं.

इथे मला थांबून बोलायचंय. आपल्याकडे अशा वेळी पटकन म्हटलं जातं की पैशाची चिंता असेल, नोकरी नसेल. जर्मनीत अनेक ज्युदोपटूंप्रमाणे वाग्नरही लष्कराच्या क्रीडा विभागात होती. पगार चालू, सरावाला मोकळीक. म्हणजे पोटाचा प्रश्न हा मुद्दाच नव्हता. पदक हुकलं म्हणावं तर पदकंही होती. ज्या दिवसासाठी वर्षानुवर्षं उठणं, जेवणं, वजन, झोप सगळं बांधलेलं होतं, तो दिवस उलटून गेला होता. टोकियोसाठी तर चारऐवजी पाच वर्षं वाट पाहावी लागली. त्यात तिथे स्पर्धा संपली की ४८ तासांत क्रीडाग्राम सोडायचा नियम. प्रेक्षक नाहीत, जल्लोष नाही, सामान भरा आणि विमानात बसा. अभिनव बिंद्राने २००८च्या सुवर्णानंतरच्या पोकळीबद्दल जे वारंवार सांगितलं आहे, ते आठवा. दोन वेगळे देश, दोन अगदी वेगळे खेळ, अनुभव तोच.

आणि हे बोलायला कोणत्या खेळात धाडस लागतं? जिथे समोरचीला तुमचा चेहरा वाचूनच अंदाज घ्यायचा असतो तिथे. कारकीर्द संपल्यावर आत्मचरित्रात लिहिणं निराळं. ती अजून खेळत असताना बोलली, पुढच्या वर्षी ज्या मुलींशी झुंजायचं त्या ऐकत असताना बोलली. मला तिचं हे बोलणं बुडापेस्टच्या सुवर्णाइतकंच मोठं वाटतं.

पुढे काय झालं? मे २०२४मध्ये अबू धाबीला ती पुन्हा जगज्जेती झाली. दोन जागतिक सुवर्णं मिळवणारी पहिली जर्मन महिला. जुलैमध्ये बास्केटबॉलपटू डेनिस श्रोडरबरोबर जर्मनीची ध्वजवाहक म्हणून तिची निवड झाली. सेन नदीवरच्या त्या धो धो पावसात बोटीवर झेंडा घेऊन उभी असलेली वाग्नर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, नाव माहीत नसेल.

सिनेमावाले इथेच पडदा पाडतील. पण १ ऑगस्टला शाँ द मार्सच्या मैदानावर ती कांस्यपदकाची लढत हरली आणि पाचवी आली. ज्युदोत दोन कांस्यपदकं असतात, म्हणून त्या दोन लढती हरणाऱ्या दोघीही पाचव्या. पदकापासून एक लढत दूर. पॅरिसमध्ये जर्मनीला ज्युदोत एकच पदक मिळालं, ७० किलो गटात मिरियम बुटकेराइटचं रौप्य, आणि साहजिकच सगळा प्रकाश तिकडे गेला. त्याबद्दल तक्रार नाही, बुटकेराइट अफाट खेळली. तक्रार आहे ती ‘वाग्नर अपयशी’ या शिक्क्याबद्दल. नैराश्यातून बाहेर आलेल्या माणसाने सुवर्ण जिंकूनच ते सिद्ध करायचं, असा हट्ट आपण कशासाठी धरतो? पाचवी आली तरी तिचं परत येणं खरंच आहे.

त्याच पॅरिसमध्ये मीराबाई एका किलोने आणि लक्ष्य सेन एका सामन्याने कांस्यपदकाला मुकले. तेव्हा आपल्याकडच्या कॉमेंट मी वाचल्या आहेत. वाग्नरबद्दल लिहिताना माझ्या डोक्यात त्याही आहेत.

मला एकच गोष्ट हवी आहे. खेळाडूच्या तयारीचं वेळापत्रक स्पर्धेच्या दिवसापाशी संपतं, ते त्यापुढे किमान सहा महिने लिहिलं जावं. सराव कधी सुरू करायचा, मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी जायचं, घरी किती दिवस राहायचं, सत्कार किती घ्यायचे, हे सगळं निघायच्या आधीच ठरलेलं असावं. पदक आलं तरी आणि नाही आलं तरी तेच वेळापत्रक. यात खर्च फार नाही. आपल्या संघटनांमध्ये, शिबिरांमध्ये, अगदी जिल्हा पातळीवरच्या क्लबमध्ये जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी पुढच्या स्पर्धेच्या आधी यावर एक बैठक तरी घ्यावी.