कोयतेवाला त्या कोर्टापुढे जातच नाही

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: अमेरिकेत म्हणे पोरंच पोरांचा न्याय करतात, हा पोरखेळ इथे आणला तर मित्र मित्राला सोडणार, आणि सुटलेला उद्या सिडकोत कोयता घेऊन गाड्या फोडणार; शिवाय हे आपल्या कायद्यात बसतच नाही.

कोयत्याची भीती खोटी नाही. पण तिकडची टीन कोर्टं, म्हणजे मुलंच मुलांची शिक्षा ठरवतात ती कोर्टं, दुकानातली उचलेगिरी, किरकोळ तोडफोड अशा बहुधा पहिल्याच गुन्ह्यासाठी असतात. आपल्याकडेही किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा १६ ते १८ वयाच्या मुलाने केला, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्राथमिक मूल्यांकनानंतर खटला प्रौढांसारखा चालू शकतो. ते कोण काढून घेतंय?

मित्र सोडेल? बहुतेक ठिकाणी मुलाने गुन्हा आधीच कबूल केलेला असतो. ठरते ती फक्त शिक्षा: समाजसेवा, भरपाई, माफीपत्र, कधी पुढच्या मुलाच्या ज्यूरीत बसणं. देखरेखीला मोठी माणसं असतात. अटी मोडल्या की प्रकरण परत नेहमीच्या यंत्रणेकडे. समजा, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजी विकणाऱ्या मावशींचा वजनकाटा कुणी टवाळकीत फोडला. साहेब समज देतील, पोरगा मान खाली घालून ऐकेल आणि बाहेर येऊन हसेल. पण त्याच्याच वयाच्या मुलीने विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी त्यांनी माल तोलला कशावर?" तर काय सांगणार?

सुटलेला बिघडतोच? अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००२ च्या अहवालात चार राज्यांतली टीन कोर्टं तपासली. सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्यात सापडलेले अलास्कात ६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३. मिसूरीत ९ विरुद्ध २८. मेरीलँडमध्ये मात्र उलटं, ८ विरुद्ध ४, अर्थात तो फरक ठोस मानण्याइतका नव्हता. जादू नाहीच, पण मेसेजचा दावाही टिकत नाही.

कायद्यात बसत नाही, हे अर्धं खरं. निकाल बाल न्याय मंडळाचाच: दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक. पण बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये गट समुपदेशन आणि समाजसेवा आहेच. काय करायला लावायचं ते मुलांनी सुचवावं, शिक्का मंडळाने मारावा.

खरी अडचण मेसेजवाल्यांना सुचलीच नाही: गुप्तता. कॉलेज रोडला सकाळी घडलेलं संध्याकाळी इंदिरानगरला माहीत असतं. म्हणून सिडकोतल्या मुलापुढे देवळालीची मुलं बसवावीत, तीही नाव न सांगता. आणि अल्पवयीन आरोपींचे फोटो नावासकट पुढे ढकलणाऱ्यांनी त्याच कायद्याचं कलम ७४ वाचावं. ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.