कुलपाचे चिन्ह म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे

पत्त्याशेजारी कुलूप दिसत असेल, गूगलवर नाव सर्वांत वर येत असेल, मजकुरात चुका नसतील आणि ओटीपी येत असेल, तर संकेतस्थळ बिनधास्त अस्सल समजावे, असा संदेश सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. माझ्या मावशीने तो ‘जपून ठेवा’ असे लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

कुलपाचा अर्थ इतकाच की, तुमचा ब्राउझर आणि समोरचा सर्व्हर यांच्यातील माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. तो सर्व्हर चालवणारा माणूस प्रामाणिक आहे की भामटा, हे त्यावरून मुळीच कळत नाही, कारण त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणालाही फुकट मिळते. जवळपास सर्वच फिशिंग संकेतस्थळे, म्हणजे पासवर्डसारखी माहिती चोरण्यासाठी उभारलेली बनावट संकेतस्थळे, एचटीटीपीएस ही माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याची पद्धत वापरतात, त्यामुळे तिथेही कुलूप दिसते, हे खुद्द गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी आपल्या क्रोम ब्राउझरच्या ११७ व्या आवृत्तीत कुलपाच्या जागी दुसरे चिन्ह आणले. गूगलच्याच २०२१ च्या पाहणीत त्या चिन्हाचा नेमका अर्थ अवघ्या ११ टक्के सहभागींना ठाऊक होता.

पाहायचा असतो तो पत्ता. समजा, ‘अॅमेझॉन डॉट इन डॉट ऑफर-केवायसी डॉट टॉप’ असा पत्ता समोर आला, तर त्यातले अॅमेझॉन हे नाव निव्वळ देखाव्यासाठी आहे. सुरुवातीचे ‘https://’ सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधी येणारे ‘ऑफर-केवायसी डॉट टॉप’ हेच त्या संकेतस्थळाचे खरे नाव.

गूगलवरची सर्वांत वरची जागा जाहिरातीचे पैसे भरून मिळवता येते, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघतो. अशुद्ध भाषा दिसली की सावध व्हावे, हे मान्य. पण मूळ पान जसेच्या तसे उचलणाऱ्याच्या मजकुरात चुका कुठून येणार?

ओटीपीचा मुद्दा मात्र सरळसरळ घातक आहे. बनावट पानावर तुम्ही टाकलेला पासवर्ड भामटा त्याच क्षणी बँकेच्या खऱ्या संकेतस्थळावर वापरतो, म्हणून खरी बँकच तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, आणि तो त्या पानावर भरला की भामट्याला हवे ते सगळे मिळते. म्हणजे ज्या क्षणी थांबायला हवे, नेमक्या त्याच क्षणी हा संदेश माणसाला निर्धास्त करतो. कोणी असा ओटीपी दिलाच असेल, तर आधी बँकेला कळवून खाते गोठवावे आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.