चॅप्लिनचं ‘ते’ पत्र चॅप्लिनचं नाही, काका

माझ्या भाचीला एका प्रायोगिक नाटकात काम मिळालं. तिने आनंदाने घरच्या ग्रुपवर कळवलं आणि दहाव्या मिनिटाला आमच्या मोठ्या काकांनी तिच्यासाठी खास म्हणून एक लांबलचक मजकूर टाकला. ‘चार्ली चॅप्लिनने मुलगी जेराल्डाईनला लिहिलेलं पत्र. प्रत्येक मुलीने वाचावं असं.’ वर तारीख २५ डिसेंबर १९६५. त्यात म्हातारा बाप नाताळच्या रात्री स्वित्झर्लंडच्या घरात बसून पॅरिसच्या रंगमंचावर नाचणाऱ्या लेकीला उपदेश करतो. हे पत्र मला आजवर निदान पाच जणांनी पाठवलंय. दर वेळी सोडून दिलं. या वेळी पोरीने रात्री फोन करून विचारलं, “आत्या, चॅप्लिन खरंच असा होता?” म्हणून हा खटाटोप.

आधी मुळाशीच जाऊ. पत्र लिहिलंय फराजोल्ला सबा या इराणी पत्रकाराने, ‘रोशनफेक्र’ नावाच्या फारसी नियतकालिकासाठी. कल्पनेतून लिहिलेला मजकूर होता तो. मात्र तो काल्पनिक आहे हे सांगणारा मथळा छापायचा राहून गेला आणि लोकांनी पत्र खरं धरलं. हे पुढे सबांनीच सांगितलं, पण तोवर पत्र भाषांमागून भाषा ओलांडत गेलं होतं. मराठीत ते केव्हा आलं कोण जाणे, आलं ते अश्रू पुसतच आलं.

आता पत्रातला पॅरिसचा रंगमंच. अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करते. जेराल्डाईन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दोन वर्षं शिकली आणि पॅरिसमध्ये सिंड्रेलाच्या बॅलेत नाचलीही. पण पत्रावरच्या तारखेला तिचं नाचणं मागे पडलं होतं. तीनच दिवस आधी, २२ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये ‘डॉक्टर झिवागो’ प्रदर्शित झाला होता आणि त्यात टोन्याच्या भूमिकेत ती होती. मुलगी सिनेनटी झाल्याचा बापाला पत्ताच नव्हता म्हणायचं?

लंडनच्या रस्त्यांवर नाचून पैसे गोळा करणारा भटका विदूषक, हे पत्रातलं चॅप्लिनचं वर्णनही ऐकीव. चॅप्लिनचं १९६४ सालचं आत्मचरित्र कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतं, काकांनी ते वाचावं. भूक खरी होती. सातव्या वर्षी, १८९६ मध्ये, आई आणि भावाबरोबर तो लॅम्बेथच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात गेला. पण पुढे तो लाकडी बुटांचा नाच करणाऱ्या मुलांच्या कंपनीत पगारावर होता, नंतर नाटकांत. त्याची नाताळची खरी आठवणही त्याच पुस्तकात आहे. हॅनवेलच्या अनाथ-गरीब मुलांच्या शाळेत असताना अंथरूण आवरायचं विसरला म्हणून त्याला संत्रं आणि गोळ्या मिळाल्या नाहीत. खोट्या पत्रातल्या सगळ्या गहिवरापेक्षा मला हे एक संत्रं जास्त लागतं.

पत्रातला बाकी उपदेश, म्हणजे दोन नाणी खर्च केलीस तर तिसरं गरिबाचं समज, अधूनमधून बसने फिर, माणसं बघ वगैरे ठीक. चांगला विचार आहे, पण तो सबांच्या नावावर जमा करा.

खरी चीड येते ती शेवटाकडच्या भागाची, कारण काकांना पोहोचवायचा होता तो तेवढाच. हिऱ्यांना भुलू नकोस, आणि तुझं उघडं शरीर त्याचंच असावं जो तुझ्या उघड्या आत्म्यावर प्रेम करील. काकांनी या ओळीखाली हात जोडलेत. एकवीस वर्षांच्या मुलीने पहिलं नाटक मिळाल्याचं सांगितलं आणि घरातून उत्तर आलं ते तिच्या शरीराबद्दल. तेही जगप्रसिद्ध माणसाच्या तोंडून वदवलेलं, म्हणजे तिला उलट बोलायची सोय नाही!

आणि चॅप्लिनच्या तोंडी? त्याची पहिली दोन लग्नं सोळा वर्षांच्या मुलींशी झाली. १९४३ मध्ये चोपन्नाव्या वर्षी त्याने अठरा वर्षांच्या ऊना ओनीलशी लग्न केलं. तिचे वडील, नाटककार यूजीन ओनील, यांनी मुलीशी संबंधच तोडले. जेराल्डाईन ही याच जोडप्याची थोरली लेक. चारित्र्यावर प्रवचन देण्यासाठी अख्ख्या युरोपातून हाच बाप सापडावा? तो थोर कलावंत होता, यात मला तिळमात्र शंका नाही. थोर असला म्हणजे सोज्वळ काका होतो असं नाही.

रंगभूमीची, कॅमेऱ्याची त्याला मुलीसाठी धास्ती होती म्हणावं, तर सात-आठ वर्षांच्या जेराल्डाईनला त्याने स्वतःच ‘लाइमलाइट’मध्ये उभं केलं होतं. पुढे आपल्या शेवटच्या चित्रपटातही छोटं काम दिलं.

मी भाचीला दुसरीच गोष्ट सांगितली. अल्डरशॉटच्या थिएटरात गाताना हॅना चॅप्लिनचा आवाज फाटला, लोकांनी हुर्यो केली, आणि तिच्या जागी तिचा पाच वर्षांचा चार्ली पुढे येऊन गायला, असं तो आत्मचरित्रात सांगतो. १९९२ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा त्यात या हॅनाची, म्हणजे स्वतःच्या आजीची, भूमिका जेराल्डाईनने केली.

प्रयोग शनिवारी आहे. काकांचं तिकीट मी काढलंय.